निष्ठेचे भांडवल आणि भांडवलाची निष्ठा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)

महागाई, बेकारी, शेतमालाचे भाव आणि सहकारातील बजबजपुरी या विषयांच्या रांगेत एका इंग्रज फुटबॉल क्लबाची कहाणी येऊन बसावी, याचे काहींना नवल वाटेल. खेळ म्हणजे फुरसतीचा मामला, चळवळीच्या माणसाने त्यात कशाला डोके घालावे, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. परंतु जो कामगार आठवडाभर राबून आपल्या मजुरीतील काही रक्कम दर शनिवारी एका मैदानाच्या फाटकावर मोजतो, आणि ज्याचा बाप व आजाही तेच करीत आला, त्याच्या लेखी तो फुरसतीचा मामला नसतो. ती त्याची संस्था असते. आणि संस्था सामान्य माणसाच्या निष्ठेवर उभी राहावी, तिची मालकी मात्र भलत्याच्याच हाती जावी, अशा वेळी त्या निष्ठावंताने करावे तरी काय, हा प्रश्न फुटबॉलपुरता राहत नाही. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टस्मथ या गावी तो प्रश्न फार उघड्या स्वरूपात उभा राहिला. त्या गावाने त्याला दिलेले उत्तर आणि त्या उत्तराच्या मर्यादा, या दोहोंचाही विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम व्यवस्था समजून घेतली पाहिजे. इंग्लंडमधील व्यावसायिक फुटबॉल चार श्रेणींत विभागलेले आहे. सर्वांत वरच्या श्रेणीत २० क्लब आणि तिच्या खालच्या तीन श्रेणींत प्रत्येकी २४, असे एकूण ९२ क्लब होतात. दर हंगामाच्या अखेरीस वरच्या दोन श्रेणींतून तळाचे तीन-तीन, तिसरीतून चार आणि चौथीतून दोन क्लब खाली ढकलले जातात आणि खालचे तितकेच वर चढतात. या घसरणीलाच अवनती म्हणावयाचे. तत्त्वतः ही व्यवस्था मोठी न्याय्य आहे. कोणाचेही आसन जन्मसिद्ध नाही आणि लहानशा गावाच्या संघालाही शिखरापर्यंतची वाट मोकळी आहे. हंगाम संपत आला की विजेतेपदाच्या चुरशीइतकीच, कित्येकदा त्याहूनही तीव्र, झुंज तळाच्या चार-पाच संघांत चाललेली असते. जिंकण्यासाठी खेळणारे थोडे आणि टिकण्यासाठी खेळणारे पुष्कळ, हे खेळाच्या बाहेरही खरे आहे.

पोर्टस्मथ हे बंदर नौदलाचे. जगातील पहिल्या कोरड्या गोदींपैकी एक तेथे १४९५ साली सातव्या हेन्रीने बांधविली, आणि पुढे पाच शतके या गावाचे पोट जहाजबांधणीवर व आरमारावर भरत आले. क्लबाची स्थापना ५ एप्रिल १८९८ ची. मैदान फ्रॅटन पार्क. दाट कामगारवस्तीत, घरांच्या रांगांना खेटून उभे असलेले ते मैदान आजही तेथेच आहे. १९३९ साली या संघाने वुल्व्हरहॅम्प्टनसारख्या बलाढ्य संघाला ४-१ असे हरवून एफ.ए. चषक जिंकला. लगेच महायुद्ध सुरू झाले, स्पर्धा थांबल्या आणि चषक १९४६ पर्यंत पोर्टस्मथकडेच राहिला. १९४९ आणि १९५० अशी लागोपाठ दोन वर्षे पहिल्या श्रेणीचे विजेतेपद मिळाले. फेब्रुवारी १९४९ मधील एका सामन्याला ५१,३८५ माणसे लोटली होती. त्या मैदानाचा तो उच्चांक आजतागायत अबाधित आहे, आणि तो मोडणे आता शक्यही नाही. कारण सुरक्षिततेच्या नियमांमुळे तेथे आता वीस हजारांच्या आसपासच माणसे मावतात.

पुढची वाटचाल उताराची. १९५९ साली पहिल्या श्रेणीतून अवनती झाली. १९७६ मध्ये दुसरीतून तिसरीत आणि १९७८ मध्ये तिसरीतून चौथीत. ज्या माणसाने विशीत दोन विजेतेपदे पाहिली, त्याने पन्नाशीत आपला संघ देशातील सर्वांत खालच्या व्यावसायिक श्रेणीत खेळताना पाहिला. तरीही तो जात राहिला. नगरभवनाच्या घड्याळाच्या टोल्यांच्या चालीवर बांधलेले क्लबाचे गीत तो म्हणत राहिला. १९८० मध्ये संघ चौथीतून वर आला, १९८३ मध्ये तिसरीचा विजेता ठरला, १९८७ मध्ये पहिल्या श्रेणीत परतला आणि १९८८ मध्ये पुन्हा खाली गेला. समर्थकांची सबुरी म्हणतात ती ही. तिची थोरवी गाणारे पुष्कळ भेटतात. परंतु अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने थोरवी गाऊन थांबता कामा नये. या सबुरीचे मूल्य किती आणि ते कोणाच्या खिशात जाते, हे त्याने विचारले पाहिजे.

खेळाच्या अर्थशास्त्रावर १९५६ साली सायमन रॉटेनबर्ग यांनी आणि १९६४ साली वॉल्टर नील यांनी जे निबंध लिहिले, त्यांतून एक विलक्षण गोष्ट पुढे आली. साबणाच्या कारखानदाराला प्रतिस्पर्धी बुडाला तर आनंद होतो. खेळातील क्लबाला तो होऊन चालत नाही. कारण प्रतिस्पर्धी नसेल तर विकावयाला सामनाच उरत नाही. म्हणजे खेळातील माल हा एका क्लबाचा नसून साऱ्या क्लबांनी मिळून निर्माण केलेला सामायिक माल असतो. जुन्या इंग्लिश लीगला हे उमगलेले होते. १९८३ पर्यंत फाटकावरील उत्पन्नाचा काही वाटा पाहुण्या संघाला द्यावा लागे. त्या वर्षी तो वाटा बंद झाला आणि मोठ्या गावांच्या क्लबांची तिजोरी आपल्यापुरती फुगू लागली. १९९२ साली वरच्या श्रेणीतील क्लबांनी वेगळी चूल मांडून प्रीमियर लीग स्थापन केली आणि दूरचित्रवाणीचा अफाट पैसा आपसांत वाटून घेण्याची सोय केली. तेव्हापासून अवनतीचा अर्थच पालटला. पूर्वी खाली जाणे म्हणजे मानहानी असे. आता खाली जाणे म्हणजे उत्पन्नाचा कडेलोट झाला. कडेलोट टाळण्यासाठी आणखी कर्ज काढून आणखी महाग खेळाडू घ्यावयाचे, आणि सारेच तसे करू लागले की कोणाचेच स्थान सुधारत नाही, फक्त कर्जे वाढतात. व्यक्तीला शहाणपणाचे वाटणारे वर्तन समूहाला कसे बुडविते, याचे याहून चांगले उदाहरण क्रमिक पुस्तकांत सापडणार नाही.

आता सबुरीकडे वळू. अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एक छोटेखानी, परंतु फार मोलाचा ग्रंथ लिहिला. संस्था ढासळू लागली की तिच्याशी संबंधित माणसापुढे दोन मार्ग असतात, असे त्याचे म्हणणे. एक निघून जाणे आणि दुसरा आवाज उठविणे. या दोहोंच्या मध्ये निष्ठा उभी असते. निष्ठेमुळे माणूस चटकन निघून जात नाही, आणि त्या उसंतीत संस्थेला सुधारण्याची संधी मिळते. फुटबॉलच्या समर्थकाला मात्र निघून जाण्याचा मार्ग जवळजवळ बंदच असतो. भाजीवाला बदलता येतो, बँक बदलता येते. जन्मगावाचा संघ बदलता येत नाही. पोर्टस्मथचा माणूस शेजारच्या साउथॅम्प्टनचा समर्थक होणे म्हणजे काय, हे त्या किनाऱ्यावर गेल्याखेरीज कळावयाचे नाही. तेव्हा निघून जाण्याची धमकी पोकळ आणि आवाज उठविण्याचा हक्क कागदावरही नाही, अशा स्थितीत उरते ती नुसती निष्ठा. आणि ज्या निष्ठेपाशी हक्क नाही, ती मालकाच्या दृष्टीने एक खात्रीचे, न आटणारे गिऱ्हाईक होय. तिच्यावर कर्ज काढता येते आणि तिला गहाणही टाकता येते.

पोर्टस्मथमध्ये नेमके हेच घडले. २००३ साली संघ प्रीमियर लीगमध्ये चढला. २००६ साली क्लब एका नव्या परदेशी धनिकाच्या हाती गेला. नामवंत खेळाडू आले, पगार वाढले आणि १७ मे २००८ रोजी कार्डिफला १-० असे हरवून संघाने एफ.ए. चषक जिंकला. १९३९ नंतर प्रथमच. दीडशे-दोनशे कोटी पौंडांच्या उद्योगात वीस हजारांच्या मैदानाचा क्लब विजेता ठरला, हे पाहून गावाने आनंदोत्सव केला. पण हा चषक कोणाच्या पैशाने आला, हे त्या दिवशी विचारणारे थोडे होते. पैसा मालकाच्या मर्जीचा आणि कर्जाचा होता. मर्जी फिरली तेव्हा कर्ज तेवढे क्लबापाशी राहिले.

२००९-१० च्या एकाच हंगामात क्लबाने चार मालक पाहिले. खेळाडूंचे पगार वारंवार रखडले. फेब्रुवारी २०१० मध्ये क्लब दिवाळखोरीच्या प्रशासकाकडे गेला. प्रीमियर लीगमधील क्लबावर ही पाळी येण्याचा तो पहिलाच प्रसंग. देणी बारा कोटी पौंडांच्या आसपास निघाली. शिक्षा म्हणून नऊ गुण कापले गेले. अवघ्या १९ गुणांसह संघ तळाशी राहिला आणि खाली गेला. त्याच महिन्यात तो पुन्हा चषकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला होता आणि चेल्सीकडून एका गोलाने हरला. अवनत झालेल्या, दिवाळखोर क्लबाच्या मागे वेम्बलीवर हजारो माणसे निळे सदरे घालून उभी होती.

देणेकऱ्यांच्या यादीकडे एक नजर टाकण्याजोगी आहे. तिच्यात सरकारी करखाते होते, गावातील लहान दुकानदार होते, आणि सामन्याच्या दिवशी जखमींची शुश्रूषा करणारी सेंट जॉन अँब्युलन्स ही धर्मादाय संस्थाही होती. फुटबॉलच्या नियमांनुसार खेळाडूंची आणि दुसऱ्या क्लबांची देणी पूर्ण भागवावी लागत; इतरांपुढे मात्र पौंडामागे वीस पेन्स देण्याचा प्रस्ताव आला. करखात्याने न्यायालयात दाद मागितली. ती फेटाळली गेली. म्हणजे लक्षाधीश खेळाडूचा पगार अग्रक्रमाने आणि मलमपट्टी करणाऱ्या संस्थेचे बिल शेवटी, असा हा न्याय. त्यात खेळाडूंचा दोष नाही. करार झाला तर पगार मिळालाच पाहिजे, हे कामगार चळवळीने मान्य केलेलेच तत्त्व आहे. इंग्लंडमधील खेळाडूंनी १९६१ साली आठवड्याला २० पौंडांची कमाल पगारमर्यादा संपाच्या धाकावर मोडून काढली, तीही योग्यच होती. दोष आहे तो ज्यांनी सही करताना पैसा नसल्याचे जाणले होते त्यांचा, आणि ज्यांनी त्यांना सही करू दिली त्या नियामकांचा.

यानंतरची कथा थोडक्यात सांगता येईल. जून २०११ मध्ये क्लब आणखी एका परदेशी बँकमालकाच्या कंपनीने घेतला. नोव्हेंबरात लिथुआनियातील बँकेच्या प्रकरणात त्याला लंडनमध्ये अटक झाली. फेब्रुवारी २०१२ मध्ये क्लब पुन्हा प्रशासकाकडे गेला, दहा गुण कापले गेले आणि संघ तिसऱ्या श्रेणीत घसरला. त्या उन्हाळ्यात सारे अनुभवी खेळाडू सोडून गेले. पोरसवदा मुले आणि महिन्या-महिन्याच्या करारावरील खेळाडू घेऊन हंगाम सुरू झाला. वीसहून अधिक सामने सलग विजयाविना गेले. आणखी दहा गुण कापले गेले. एप्रिल २०१३ मध्ये चौथ्या श्रेणीची अवनती पदरी पडली. चार हंगामांत तीन अवनती.

येथे एक हिशेब मांडला पाहिजे. २०१० साली कापलेले नऊ गुण परत दिले असते, तरी संघ तळालाच राहिला असता. २०१३ मध्येही दहा गुणांनी बचाव झाला नसता. परंतु २०१२ साली संघाचे ४० गुण झाले. कापलेले दहा मिळविले की होतात ५०, आणि ४८ गुणांचा बार्न्सली व ४९ गुणांचा ब्रिस्टल सिटी हे दोघेही त्या वर्षी वाचले. म्हणजे मैदानावर टिकलेला संघ कागदावर बुडाला. गुणकपातीची शिक्षा तत्त्वाला धरून आहे, कारण उसन्या पैशाने जिंकणाऱ्यास मोकळे सोडले तर प्रामाणिक क्लबांवर अन्याय होतो. परंतु ती भोगतो कोण? कर्ज करणारा मालक तोवर देश सोडून गेलेला असतो. शिक्षा भोगतो तो स्टँडवरचा गोदी कामगार. नफा खाजगी आणि प्रायश्चित्त सार्वजनिक, ही रीत आपल्या परिचयाची आहे. बुडीत बँकांच्या आणि बंद गिरण्यांच्या बाबतीत ती आपण पाहिलेली आहे.

आता या कथेतील उजेडाचा भाग. समर्थकांनी एक ट्रस्ट स्थापन केला होता. सहकारी तत्त्वावरील ही संस्था. भाग कितीही असोत, मत एकच. त्यांनी ठरविले की क्लब आता आपणच घ्यावयाचा. एका भागाची किंमत हजार पौंड ठेवली. गोदीत, इस्पितळात, शाळेत काम करणाऱ्याला हजार पौंड ही लहान रक्कम नव्हे. ज्याला एकट्याने झेपत नव्हते त्याने मित्रांसह वर्गणी काढून एक भाग घेतला. अशी दोन हजारांवर माणसे उभी राहिली. थोड्या सधन समर्थकांनी मोठ्या रकमा घातल्या. नगरपालिकेने १४ लाख ५० हजार पौंडांचे अल्पमुदतीचे कर्ज दिले. मैदानावर आधीच्या मालकाचा बोजा होता. त्याची किंमत काय, हा वाद न्यायालयात गेला. १० एप्रिल २०१३ रोजी ३० लाख पौंडांवर तडजोड झाली आणि १९ एप्रिलला क्लब समर्थकांच्या ताब्यात आला. अवनती निश्चित झालेल्या त्याच महिन्यात गाव आनंदाने रस्त्यावर आले, हे मुद्दाम ध्यानात घ्यावे. इंग्लंडमधील समर्थकांच्या मालकीचा तो सर्वांत मोठा क्लब ठरला.

त्याच वर्षी नोव्हेंबरात त्या गावावर दुसरा घाला पडला. संरक्षण सामग्री बनविणाऱ्या कंपनीने पोर्टस्मथमधील जहाजबांधणी थांबविण्याचा निर्णय जाहीर केला. नऊशेहून अधिक नोकऱ्या गेल्या आणि पाच शतकांचा धंदा २०१४ मध्ये बंद पडला. गोदी वाचविणे गावाच्या हाती नव्हते. क्लब वाचविणे होते. हरत असलेल्या माणसाला एखादी तरी गोष्ट आपल्या मुठीत असावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. ही भावुकता म्हणून कोणी हसू नये. संघटनेचा जन्म बहुधा अशाच एखाद्या मुठीतून होतो.

परंतु मालकी हाती आली म्हणजे सारे प्रश्न सुटले, असे मानणाऱ्यांनी पुढचा हंगाम पाहावा. ऑगस्ट २०१३ मध्ये चौथ्या श्रेणीतील पहिल्याच सामन्याला अठरा हजारांवर माणसे आली आणि संघ ऑक्सफर्डकडून १-४ असा हरला. मार्च २०१४ अखेर संघ अवनतीच्या काठावर आला होता. या वेळी खाली गेला असता तर ९२ क्लबांच्या कुटुंबातूनच बाहेर पडला असता. व्यवस्थापकाला दूर करावे लागले. एरवी अशा वेळी मालकाच्या नावाने शिमगा करता येतो. येथे मालक कोण? तर शिमगा करणाराच. ज्या माणसाला पन्नास वर्षे फक्त टीका करण्याची सवय, त्याच्यावर आता अंदाजपत्रक सांभाळण्याची जबाबदारी आली. कर्ज काढून खेळाडू आणावेत, अशी ओरड झाली नसती तरच नवल. पण मंडळाने खिशाबाहेर खर्च केला नाही. क्लबातच वाढलेल्या एका जुन्या खेळाडूच्या हाती संघ दिला गेला, लागोपाठ पाच सामने जिंकले गेले आणि संघ तेराव्या क्रमांकावर सुखरूप पोहोचला. त्या हंगामात घरच्या मैदानावरील सरासरी उपस्थिती पंधरा हजारांहून अधिक होती, आणि हे चौथ्या श्रेणीत! त्या वर्षी सप्टेंबर अखेर क्लबाने जाहीर केले की आधीच्या मालकांच्या काळातील सारी देणी फिटली.

हे जे घडले, त्याला सबुरी हा शब्द आता वेगळ्या अर्थाने लावावा लागेल. जुनी सबुरी सहन करण्याची होती. ही सबुरी कारभाराची होती. हिशेब पाहून, आपली ऐपत ओळखून, पराभव गिळून वाट पाहणे हे मालकाचे शहाणपण आहे. ते लोकांच्या अंगी नसते, म्हणून त्यांच्यासाठी धनिक शोधावा लागतो, हा युक्तिवाद पोर्टस्मथने चार वर्षांत खोटा पाडला. ६ मे २०१७ रोजी, हंगामाच्या अखेरच्या दिवशी, चेल्टनहॅमला ६-१ असे हरवून संघ चौथ्या श्रेणीचा विजेता झाला.

आणि त्याच महिन्यात भागधारकांनी क्लब विकण्याचा निर्णय घेतला. डिस्ने कंपनीचे माजी प्रमुख मायकेल आयस्नर यांच्या कंपनीने ५६ लाख ७० हजार पौंड किंमत आणि शिवाय एक कोटी पौंडांची गुंतवणूक देऊ केली. ट्रस्टच्या मतदानात ऐंशी टक्क्यांहून अधिक मते विक्रीच्या बाजूने पडली. ऑगस्टमध्ये व्यवहार पूर्ण झाला.

समाजवादी कार्यकर्त्याला हे वाचून वाईट वाटेल, आणि ते वाटावे. परंतु या मतदारांना धनलोभी ठरविण्याची घाई करू नये. भागामागे नफा कोणी कमावला नाही. घातलेले पैसे परत मिळाले इतकेच. विक्रीच्या बाजूने जे बोलले त्यांचा मुद्दा असा होता की, शंभर वर्षांपूर्वीच्या मैदानाची दुरुस्ती लाखो पौंडांची आहे. ती सभासदांच्या वर्गणीतून होणार नाही, आणि वरच्या श्रेणींतील क्लब ज्या पैशाने खेळतात त्याच्याशी आपण टक्कर देऊ शकत नाही. विरुद्ध बाजूचे म्हणणे असे की, टक्कर देता येत नसेल तर खालच्या श्रेणीत राहू. पण एकदा गेलेली मालकी परत येत नाही, आणि आजचा मालक सज्जन असला तरी उद्याचा कसा निघेल याची हमी नाही. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. हा प्रश्न पोर्टस्मथच्या सभासदांच्या चारित्र्याचा मानला तर उत्तर सापडणार नाही. असमानतेच्या महासागरात सहकाराचे एकच बेट उभे राहिले तर त्याला किती काळ तग धरता येईल, हा खरा प्रश्न होय. महाराष्ट्रात १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याचे पहिले गाळप झाले, तेव्हा त्याच्या पाठीशी धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ होता, सहकारी बँक होती आणि शासनाचे धोरण होते. पोर्टस्मथच्या पाठीशी यांपैकी काहीही नव्हते. जर्मनीत १९९८ पासून क्लबाची बहुसंख्य मते सभासदांच्या हाती राहावीत असा लीगचाच नियम आहे. म्हणून तेथील सभासदाला एकाकी लढावे लागत नाही.

विक्री करताना सभासदांनी एक शहाणपण दाखविले. क्लबाचे नाव, रंग आणि चिन्ह यांत मनमानी बदल होऊ नये, यासाठी वारसा जपणारे एक मंडळ करारात घालून घेतले. पुढची हकिकतही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. नव्या मालकाने क्लबाला कर्जात लोटले नाही, मैदानाची डागडुजी केली. एप्रिल २०२४ मध्ये संघ तिसऱ्या श्रेणीचा विजेता होऊन बारा वर्षांनी दुसऱ्या श्रेणीत परतला. २०२४-२५ च्या हंगामात पुन्हा तळाची झुंज वाट्यास आली. पहिला विजय मिळावयास ऑक्टोबर उजाडावा लागला. तरी मैदान भरलेले राहिले आणि संघ सोळावा येऊन वाचला. एक चांगला मालक मिळाला, ही आनंदाची गोष्ट खरी. पण चांगला मालक मिळणे हे नशीब झाले. ती व्यवस्था नव्हे.

आपल्या भूमीशीही या विषयाचा धागा जुळतो. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात, तेव्हा पेठेच्या निष्ठेचे बळ काय असते, हे निराळे सांगावे लागत नाही. गोव्याचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. २००७ ते २०१३ या काळातील आय-लीगची पहिली सहाही विजेतेपदे देम्पो, चर्चिल ब्रदर्स आणि साळगावकर या गोव्याच्या तीन क्लबांनी आपसांत वाटून घेतली. २०१४ साली नवी इंडियन सुपर लीग आली. तिच्यात प्रवेश पैशाने मिळे आणि तळाला राहिले तरी कोणी खाली जात नसे. २०१५ साली देम्पो आय-लीगमधून खाली गेला आणि दुसऱ्याच वर्षी जिंकून परतण्यास पात्र ठरला. परंतु वर चढण्याची शिडीच काढून घेणारी रचना पुढे आली, तेव्हा २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग आणि देम्पो यांनी राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतले. देम्पोला तेथे परतावयास २०२४ उजाडले. अवनतीची भीती वाईट. पण अवनतीच नसलेली लीग त्याहून वाईट. जेथे कोणी पडत नाही, तेथे खालच्याला चढूही दिले जात नाही. एप्रिल २०२१ मध्ये युरोपातील बारा धनाढ्य क्लबांनी अशीच बंदिस्त लीग जाहीर केली. ती काही दिवसांत मोडली, आणि मोडण्यात स्वतःच्याच क्लबांविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या इंग्रज समर्थकांचा वाटा मोठा होता. सबुरीने आवाज उठविला की काय घडते, ते त्या आठवड्यात दिसले.

त्या आवाजाचेच पुढचे फळ म्हणजे जुलै २०२५ मध्ये ब्रिटिश संसदेने संमत केलेला फुटबॉल कारभाराचा कायदा. त्याने स्वतंत्र नियामक नेमला. मालकाची लायकी तपासणे, क्लबांना परवाने देणे, आणि मैदान, रंग, नाव अशा बाबतींत समर्थकांशी विचारविनिमय करावयास लावणे ही त्याची कामे आहेत. हा कायदा मालकी समर्थकांना देत नाही. पण निष्ठेलाही काही हक्क असतात, ही गोष्ट त्याने प्रथमच कायद्याच्या भाषेत मांडली. पोर्टस्मथच्या यातनांविना ती मांडली गेली असती, असे वाटत नाही.

मित्रहो, कार्यकर्त्यांना सबुरीचा उपदेश नेहमीच केला जातो. आणि निवडणुकीमागून निवडणूक अनामत गमावणाऱ्यांना त्या उपदेशाची गरज भासते, हेही खरे. परंतु सबुरी म्हणजे हात बांधून पावसात उभे राहणे नव्हे. फ्रॅटन पार्कवरील माणूस पन्नास वर्षे उभा राहिला, त्याने क्लब जगला. पण क्लब वाचला तो हजार पौंडांची पावती फाडून तो सभासद झाला तेव्हा. मालकी त्याने चारच वर्षे सांभाळली. त्या चार वर्षांत कर्ज फिटले, संघ वर चढला आणि लोकांना कारभार जमत नाही हा समज मोडला. तो समज मोडणे ही कोणत्याही चषकाहून मोठी कमाई होय. निष्ठा ही संस्थेची मूळ पुंजी आहे. ती दुसऱ्याच्या खात्यावर जमा होऊ द्यावयाची की सभासदत्वाच्या वहीत आपल्या नावावर लिहून घ्यावयाची, एवढेच ठरवावयाचे असते. आपल्या गावच्या दूधसंघात, पतपेढीत आणि साखर कारखान्यात ती वही अजून शाबूत आहे काय, आणि तिच्यातील नावे खरी आहेत काय, हे पुढच्या वार्षिक सभेत प्रत्येकाने विचारावे.